द्वारकाकाकूंचे उद्यापन

द्वारकाकाकूंना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्या ख्रिस्ती देवळाच्या दारात, लोकांनी काढून ठेवलेल्या वहाणांशेजारी बसल्या होत्या. मी नगरकडची, लग्न होऊन ठाण्याला आले त्याला आठवडाही झाला नव्हता. आमचे मास्तर इथल्या मिशनच्या शाळेत शिकवत, आणि तो माझा या मंडळीतला पहिला रविवार. तांबडे आलवण, कपाळापर्यंत ओढलेला पदर, अशी ती उंच, हाडापेराने मजबूत बाई दारात बसलेली पाहून मला वाटले, वहाणा सांभाळायला ठेवलेली असेल. माझ्या पायात लग्नातल्या कोऱ्या वहाणा होत्या. त्या मी तिच्यापुढे सरकवल्या आणि म्हटले, "बाई, जरा लक्ष असू द्या हं." ती म्हणाली, "जा, जा. निर्धास्त जा आत."

उपासना संपली तेव्हा माझ्या वहाणा झटकून, जोडीने लावून ठेवलेल्या होत्या. घरी जाताना मी मास्तरांना म्हटले, तुमच्या ठाण्यात सोय बरी आहे. मास्तरांना हसू आवरेना. "अगं, ती मंडळीतली सभासद आहे. कल्याणच्या पारनाक्यावरच्या ब्राह्मणाघरची लेक. बाप्तिस्मा घेऊन तिला काही वर्षं झाली." माझी काय शोभा झाली म्हणता! दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला गेले, तर त्या उलट माझीच समजूत घालू लागल्या. "रागवायचं काय त्यात? तिथे मला कोणी बसवलं नाही. जागा माझी मीच निवडलीय."

"पण आत का नाही बसत?"

"अजून माझं व्हायचंय, बाई," त्या म्हणाल्या, आणि सुपातले तांदूळ निवडू लागल्या.

'अजून माझं व्हायचंय' हे काकूंचे पालुपद होते. त्याचा अर्थ मला कळायला बरेच दिवस लागले, कारण मी जन्मापासून ख्रिस्ती. देवाने आपल्याला पदरात घेतले आहे की नाही, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. घरातल्या चुलीसारखा देव घरातच होता. काकूंना मात्र सकाळी उठल्यापासून रात्री डोळा लागेपर्यंत तेवढाच एक प्रश्न होता. त्यासाठी त्यांनी भरले घर सोडले होते, सख्खा भाऊ सोडला होता, आणि तरीही उत्तर हाती लागले नव्हते.

मिशनच्या आवारात विहिरीजवळच्या एका खोलीत त्या राहत. मुलींना शिवण आणि मुळाक्षरे शिकवत. शिकवण्यात कडक, पण मुलींचा त्यांच्यावर भारी जीव, कारण शाळा सुटली की त्या प्रत्येकीच्या हातावर गुळाचा खडा ठेवत. खोलीच्या बाहेर बांबूच्या काठीवर त्यांचे सोवळे वाळत असे. ख्रिस्ती बाईचे सोवळे! आवारातल्या बायका तोंडाला पदर लावून हसत. काकूंना त्याचे काही नव्हते. "एक सुटलं म्हणून दुसरं का सोडू? हिला काहीच पाळता येत नाही, असं देवाला वाटायला नको," त्या म्हणत. पहाटे उठून आंघोळ, मग बोटांच्या पेरांवर मोजत प्रभूची प्रार्थना, आणि ती ठरल्या मापाने झाल्याशिवाय तोंडात पाणी नाही. शुक्रवारी उपास. बाप्तिस्म्याच्या वेळी कोणीतरी त्यांना शास्त्रातले एखादे नवे नाव घ्यायला सुचवले होते. काकूंनी विचारले होते, "मग जुन्या द्वारकेची पापं कोणाच्या नावावर लावायची?" तेव्हापासून त्या द्वारकाच राहिल्या.

प्रभुभोजनाच्या रविवारी तर गंमतच. भाकर आणि प्याला पुढे आला की काकू दारातून उठत, आणि देवळासमोरच्या तलावाच्या पाळीवर जाऊन बसत. सगळे आटोपले की परत येऊन वहाणांशेजारी हजर. आमच्या मंडळीचे पाळक म्हातारे होते, शांत होते. त्यांना सगळे बाबा म्हणत. लोक त्यांना म्हणायचे, बाबा, काकूंना आत बोलवा, बरे दिसत नाही. बाबा म्हणायचे, "ओढून आणलेली माणसं दारापर्यंतच येतात. त्या येतील." मला हे काही पटत नसे. मी तोंडाने फटकळ. एकदा सरळ काकूंनाच म्हटले, "तुम्ही जुना संसार गाठोड्यात बांधून इथे आणलात आणि तोच पुन्हा मांडलात." काकू रागावल्या नाहीत. "खरंय," म्हणाल्या. "पण रत्ने, तुझं अंगण सारवलेलंच होतं. मला आधी झाडावं लागतंय."

पावसाळा सरता सरता मास्तरांना हिवतापाने धरले. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितले होते, पाणी मागतील तितके द्या. मी औषध आणायला निघाले आणि काकूंना म्हटले, जरा यांच्याजवळ बसा, मागितले तर पाणी द्या. परत आले तर मास्तर कोरड्या तोंडाने पाणी पाणी करत होते, आणि काकू उशाशी तांब्या हातात धरून बसल्या होत्या. पाणी लुगड्यावर सांडत होते, पण तांब्या काही पुढे होत नव्हता. मी तो हिसकावून घेतला, मास्तरांना पाणी पाजले आणि मग काकूंवर तोंड सोडले. माणूस तहानेने व्याकूळ झालाय आणि तुम्ही बघत बसलात?

मास्तर निजल्यावर काकू पडवीत आल्या. माझ्याकडे न बघता त्यांनी सांगितले ते मी कधी विसरले नाही.

"तुझ्याहून लहान होते मी तेव्हा. सासर कल्याणातच. ह्यांना विषमज्वर झाला. वैद्यांची सक्त ताकीद, थेंबभर पाणी द्यायचं नाही. ते सारखं मागायचे. जीभ काळी पडलेली. घरची माणसं आणि जागरणाला आलेला माझा दादा, सगळ्यांचा जरा डोळा लागला. ते माझ्याकडे बघत होते. मी तांब्या तोंडाला लावला. सगळा प्यायले. हसले माझ्याकडे बघून. आणि पहाटेच्या आत गेले." काकूंनी भिजलेले लुगडे पिळले. "नवऱ्याला खाल्लं, असं लोक प्रत्येक विधवेला म्हणतात. माझ्या बाबतीत ते खरं होतं, एवढंच."

"पण आताचे डॉक्टर तर पाणी द्याच म्हणतात," मी म्हटले.

"आता म्हणतात," काकू म्हणाल्या.

हे त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. सासरच्यांनी माहेरी आणून सोडल्यावर त्यांनी एकामागून एक व्रते धरली. लाखवातींचे व्रत घेतले. कापसातली सरकी काढायची, वात वळायची, एक लाख वाती भरल्या की त्या देवापुढे जाळायच्या आणि मग यथासांग उद्यापन. उद्यापन झाल्याशिवाय व्रताचे फळ नाही. गुरुजी म्हणाले, "द्वारकाबाई, पूर्ण झालं." पण काकूंचे समाधान होईना. "गुरुजींना काय ठाऊक, वाती वळताना माझं मन कुठे होतं? त्यांनी नवऱ्यामागे राहिलेल्या बाईचं व्रत पूर्ण केलं. मी सांगितलंच नव्हतं, त्याचं कसं पूर्ण होणार?" म्हणून पुन्हा पहिल्यापासून लाखवाती. मध्येच आजारी पडल्या तेव्हा भाऊ, सदाशिवपंत, उशाशी बसून म्हणाला होता, "भिऊ नकोस. तुझ्या हातून नाही झालं तर मी करीन तुझ्या नावाने उद्यापन. भावाने केलेलं बहिणीला पोचतं." हे सांगतानाच तेवढे काकूंनी माझ्याकडे बघितले.

पुढे त्यांच्या आळीत मिशनची एक बाई बायकांना वाचायला शिकवायला येऊ लागली. ती म्हणाली, ख्रिस्त पापाची क्षमा फुकट देतो. काकूंनी तेवढेच धरले. एका दुपारी गाठोडे घेऊन कल्याणहून आगगाडीत बसल्या आणि ठाण्याला उतरल्या. सदाशिवपंत मागोमाग आले. आवाराबाहेरच्या चिंचेखाली दुपारभर उभे राहिले. काकू गेल्या नाहीत. मग जातीने पंतांना पुढे घालून घटस्फोट करायला लावला. म्हणजे बहिणीच्या नावाने पाण्याचा घट भरायचा, तो लाथेने उलथायचा, तिलांजली द्यायची आणि स्नान करून घरी यायचे. जिवंत माणसाचे क्रियाकर्म. त्या दिवसापासून काकू कल्याणला मेल्या.

"आणि एवढं करून," त्या म्हणाल्या, "बाप्तिस्म्याच्या वेळी बाबांनी विचारलं, पापाचा पश्चात्ताप आहे का? मी म्हटलं, आहे. कोणतं पाप ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. नाव न घेता टाकलेलं पाप पडतं का गं?"

फटकळ माणसाची हीच पंचाईत असते. खरी वेळ आली की त्याला काही सुचत नाही.

त्यानंतरच्या उत्तम शुक्रवारी उत्तर मिळाले. चैत्रातली दुपार होती, खाडीवरून वारा नव्हता, देवळात बायका पदराने वारा घेत होत्या. बाबा प्रभूच्या मरणाचे वाचन करत होते. दरवर्षीचे वाचन; मी अर्धवट ऐकत होते. वधस्तंभावर त्याला तहान लागली. खाली उभ्या असलेल्यांपैकी कोणीतरी आंबेत, म्हणजे आंबट द्राक्षारसात, बोळा भिजवून काठीने त्याच्या तोंडाशी धरला. त्याने तो घेतला, आता सगळे पूर्ण झाले म्हणाला, आणि मान टाकून प्राण सोडला.

"बाबा, थांबा."

दारातून आवाज आला. आमच्या देवळात तोवर कोणी बाई उपासनेत मध्येच बोललेली नव्हती. सगळ्या माना मागे वळल्या. काकू उभ्या होत्या.

"त्यांनी ते प्यायलं आणि मग गेले?"

"हो, काकू," बाबा म्हणाले.

"ज्याने पाजलं त्याला काही बोलले?"

"नाही. एक शब्द नाही."

"आणि पूर्ण झालं म्हणाले. काय पूर्ण झालं?"

बाबांनी चष्मा काढून पुस्तकावर ठेवला. ते स्वतः अलिबागेकडच्या भिक्षुकाच्या घरचे. काकू काय विचारत होत्या ते त्या देवळात त्यांच्याइतके कोणाला कळले नसेल. ते म्हणाले, "काकू, व्रताचं उद्यापन कोणी करायचं?"

"ज्याचं व्रत त्याने."

"आणि त्याच्या हातून होत नसेल तर?"

"त्याच्या मुलाने. नाहीतर भावाने. त्याच्या नावाने."

"भावाने केलेलं पोचतं?"

काकूंनी दाराची चौकट धरली. मग म्हणाल्या, "पोचतं."

"तेच झालं. प्रभू आपला थोरला भाऊ. त्याने तुमच्या नावाने उद्यापन केलं, आणि पूर्ण झालं म्हणाला. तुम्ही सांगितलं होतं त्याचं, आणि सांगितलं नव्हतं त्याचंही."

"काही न्यून राहिलं असेल तर?"

"तुम्ही केलं असतं तर राहिलं असतं, काकू. हे त्याने केलंय."

काकू दारातून निघाल्या. बायकांच्या सतरंजीवरून, लोकांचे पाय चुकवत, सरळ माझ्याजवळ येऊन बसल्या. त्या रडतील असे मला वाटले होते. रडल्या नाहीत. डोक्यावरची पाटी उतरवल्यावर हमाल बाई सोडते तसा त्यांनी एक मोठा श्वास सोडला आणि म्हणाल्या, "वाचा, बाबा. पुढचं वाचा." रडत होते ते बाबाच.

दोन दिवसांनी पुनरुत्थानाचा रविवार होता. काकूंच्या आधी जिने प्याल्याला ओठ लावले, तिची सावलीसुद्धा पारनाक्यावर कोणी अंगावर पडू दिली नसती. काकूंनी प्याला घेतला, प्याल्या, आणि पदराने ओठही टिपले नाहीत. काठीवरचे सोवळे उतरले ते पुन्हा चढले नाही. शाळेतल्या मुलींनी त्यावर टाके घालायला शिकून त्याच्या चिंध्या केल्या. उपास सुटला, पेरांवरची मोजणी सुटली. पहाटेची प्रार्थना मात्र सुटली नाही, उलट लांबली. मी विचारले, "आता कशाला? झालं ना तुमचं?" तर म्हणाल्या, "आधी मागायला जात होते. आता बोलायला जात्ये."

आणि 'अजून माझं व्हायचंय' याच्या जागी नवे पालुपद आले: "झालंय, बाई." कोणी चिंतेने काही विचारायला आले की काकू आधी त्याला बसवत, पाणी देत, आणि सगळे ऐकून म्हणत, "झालंय, बाई. आता वाढलेलं खायचं." हा भरवसा काही लोकांना खुपायचा. एवढी खात्री म्हणजे गर्व, असे मंडळीतले एक गृहस्थ म्हणाले. काकू म्हणाल्या, "माझ्या करण्याची खात्री धरली असती तर गर्व. मी तर दुसऱ्याच्या जिवावर पंगतीला बसल्येय. गर्व कसला करू?" मी एकदा त्यांना छेडले, की उद्या पुन्हा शंका आली तर? "येईल की," त्या म्हणाल्या. "माश्याही येतात. पानावर बसू द्यायच्या नाहीत." आणि मला आवडायचे ते त्यांचे म्हणणे हे: "कडेवरचं पोर आईला विचारतं का, मी जड झालो का म्हणून? विचारायला लागलं की समजावं, ते खाली उतरलंय."

त्या आता आवाराबाहेर पडू लागल्या. कधी बैलगाडीने, कधी होडीने कोलशेतकडच्या मिठागरांवर जात. मी बहुधा बरोबर असे. तिथे पोशी नावाची एक आगरी बाई होती. तिचे तान्हे मूल दगावले होते, आणि आपल्या हातून देवीचे काहीतरी चुकले म्हणून ते गेले, असे तिने मनाशी पक्के धरले होते. ती कोणाशी बोलत नसे. काकू तिच्या झोपडीपुढे बसल्या तर ती म्हणाली, "मना नय घेनार तुमचा देव. माजं हात तरी बगा, मिठानं पार खाल्लेलं. आनि पोर खाल्लं ती मी."

काकूंनी तिचे ते फुटलेले हात आपल्या हातात घेतले. "मलाही असंच वाटायचं," त्या म्हणाल्या, आणि आपल्या नवऱ्याची, पाण्याची सगळी हकीकत तिला सांगितली. जी गोष्ट त्यांनी इतकी वर्षे जिवापाड लपवली, ती त्या बाईला त्यांनी भर उन्हात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत सांगितली. पोशी ऐकत राहिली. मग म्हणाली, "मंग तुमाला घेतलान त्यानं?" काकू म्हणाल्या, "घेतलंन. आणि मला घेतलं तर तुला न घ्यायला काय झालं?" पोशी आत गेली आणि तांदळाची पेज घेऊन आली. काकूंनी ती तिच्याच वाडग्यातून चवीने संपवली. पोशी पुढे मंडळीत आली की नाही हे विचाराल तर, नाही आली. पण त्या दिवसापासून ती बोलू लागली, आणि काकूंची होडी लागली की धक्क्यावर उभी असे.

एक मात्र राहिले होते. "दादाला सांगायला हवं," असे काकू म्हणत. एकदा मला घेऊन कल्याणला गेल्याच. पारनाक्यावर आम्ही उभ्या राहिलो. सदाशिवपंत कचेरीतून घरी येत होते. पागोटे, उपरणे, हातात छत्री. काकूंनी हाक मारली, "दादा." पंतांनी मान फिरवली आणि समोरच्या वाण्याच्या दुकानाकडे इतके निरखून बघत गेले, की वाणीही चपापला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. काकूंच्या डोळ्यांत पाणी होते, पण त्या हसत होत्या. "बघितलं दादाने मला," म्हणाल्या. "बघितल्याशिवाय माणूस इतकं चुकवत नाही."

पुढे बरीच वर्षे गेली. बाबा गेले, आमची मुले मोठी झाली, काकूंनी वाढू दिलेले केस पांढरे होऊन खांद्यापर्यंत आले. मग एका थंडीत त्यांच्या छातीत कफ धरला आणि उतार पडेना. मास्तर कोणाला न विचारता कल्याणला गेले आणि पंतांना घराच्या दारात गाठून सांगून आले. पंत ऐकून घेऊन तसेच आत गेले, असे त्यांनी मला येऊन सांगितले.

काकू गेल्या त्या एका मंगळवारी, भर दुपारी, शाळेत मुलींचे पाढे चालू असताना. माझ्याकडे बघितले, "झालंय, बाई," म्हणाल्या आणि डोळे मिटले. भीतीचा लवलेश नव्हता तोंडावर. पण मला सांगायचे आहे ते आदल्या दिवसाचे.

आदल्या दिवशी सकाळच्या गाडीने सदाशिवपंत आले. पार म्हातारे झाले होते. विचारत विचारत आवारात आले आणि सरळ खोलीत शिरले. मी खुर्ची पुढे केली; ती त्यांनी हाताने नाकारली. कशाला शिवायला नको म्हणून खोलीच्या मध्यावर अंग चोरून उभे राहिले.

"द्वारके."

"आलास, दादा."

पंतांनी माझ्याकडे एकदा बघितले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मी शास्त्रीबुवांशी बोललोय. प्रायश्चित्त देतील. तुला उठायलाही नको. तुझं पुढचं नीट व्हावं, एवढंच माझं म्हणणं."

"पुढचं नीट आहे रे."

"कशावरून?" पंत एकदम कडाडले. तो राग नव्हता. बहिणीच्या काळजीने माणूस ओरडतो तसे ते ओरडले. "कशावरून म्हणतेस इतक्या खात्रीने? मी जन्मभर सगळं यथासांग केलं, माझी नाही खात्री!"

काकू उशीला टेकून थोड्या वर झाल्या. "सांगत्ये. पण आधी एक ऐक. इतकी वर्षं तुला सांगायचं राहिलंय. ह्यांना त्या रात्री पाणी मी दिलं होतं."

पंत जमिनीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ठाऊक आहे मला."

"काय ठाऊक आहे?"

"मला जाग आली तेव्हा उशाशी रिकामा तांब्या होता. कोणी बघायच्या आत मी तो उचलून नेला."

काकू बघतच राहिल्या. "आणि कधी बोलला नाहीस?"

"काय बोलायचं? माणूस पाणी मागत होता. मी जागा असतो तर मीही दिलं असतं."

काकू हसू लागल्या. हसता हसता खोकला आला, मी पाठ चोळली, तरी हसणे थांबेना. "बघ रत्ने," त्या म्हणाल्या, "ज्याच्यापासून जन्मभर लपवलं, त्याने आधीच पांघरूण घातलं होतं! मीच आपली वाती वळत बसले." मग पंतांकडे वळून म्हणाल्या, "यावरून, दादा. यावरूनच म्हणत्ये. मी बोलायच्या आधीच त्याला ठाऊक होतं, आणि मी मागायच्या आधीच त्याने सगळं केलं होतं. अगदी तुझ्यासारखं."

"माझ्यासारखं म्हणू नकोस." पंतांचा चेहरा पार उतरला. "मी तुझा घट उलथला, द्वारके. तू जिवंत असताना. जातीला भिऊन. रोज संध्या करताना पाणी हातात घेतो आणि ते आठवतं. त्याला कुठलं प्रायश्चित्त आहे, सांग."

"ते मी केव्हाच सोडून दिलं."

"तू देशील. तू बहीण आहेस."

"मग?" काकू म्हणाल्या. "बहिणीचं मन मोठं आणि देवाचं लहान, असं असतं का कुठे?"

शाळेतून मुलींचा गलका ऐकू येत होता. पंतांनी विचारले, "इतकं सोपं असतं का गं?"

"सोपं नाही, दादा. त्याला फार जड गेलं. आपल्याला नुसतं घ्यायचंय."

पंत तसेच उभे होते. मग त्यांनी दोन्ही हातांनी पागोटे काढले आणि कोनाड्यात ठेवले. "सरक थोडी," म्हणाले, आणि खाटेवर बहिणीजवळ बसले.